चिमूटभर भंडारा

३ फेब्रु.
अण्णाच्या, माझ्या भावाच्या, नकली पायाच्या नळ्या आज बनवल्या. दोन, जुळ्या. फायबर कापडाचे आठ-आठ थर, मध्ये चिकटवायला रेझिन. आमच्या वर्कशॉपची रीतच ती: एक प्रेसखाली दाबून मोडायची, ती किती सोसते ते बघून दुसरी माणसाला द्यायची.
सकाळी आईने यल्लम्माचा भंडारा दिला. "चिमूटभर घाल ग त्याच्या पायात." हातमोजे बदला म्हणून पोरींवर खेकसणारी मी! पण घातला. चौथ्या थरावर. अण्णाला द्यायची ठरवली त्या एकीतच.

६ फेब्रु.
प्रेस बंद, दुरुस्तीवाला सोमवारी. वर्कशॉपच्या सरांनी एक नळी उचलून दिली, "तोवर घरातल्या घरात चालू देत." अण्णा कसला घरात बसतोय! केशवापूरच्या स्टॉपपर्यंत जाऊन आला, कुबडीशिवाय. "सुमे, सोळा तारखेला लेकीच्या, शालूच्या लग्नात अक्षतांना उभा राहणार बघ." आई रडली. मीपण.

१० फेब्रु.
प्रेस सुरू. उरलेली नळी ठरल्याच्या निम्म्या भारालाच कट्कन गेली. दाबाखाली तुटणं नंतर येतं. आधी थर एकमेकांना सोडतात. सुटलेला थर एकटा पडतो, वाकतो, मग शेजारचा.
सरांनी चिरून बघितलं. "इदेनु? हे काय, हळद?" चौथ्या-पाचव्या थरात पिवळं. लाज वाटली, भीती जास्त.
सर म्हणाले, जुळी आहे, तीपण रद्द. नवीन रेझिन बेंगळूरहून यायला पंधरा दिवस. लग्न सहा दिवसांवर.

११ फेब्रु.
भंडारा एकीतच होता. ती मोडली. म्हणजे अण्णाकडची चांगली! सरांनी उचलली तीच नेमकी बिनभंडाऱ्याची. आई म्हणेल, यल्लम्मानेच अदलाबदल केली.
सरांना सांगायलाच हवं. नोकरी गेली तर गेली.
पण दुसरीचे थर लावण्याआधी हातमोजे बदलले होते का मी? की तेच पिवळे…

१२ फेब्रु.
सांगितलं. सर ओरडले नाहीत, त्याचंच वाईट वाटलं. "सुमनबाई, तुम्ही? तुम्ही?" एवढंच. मग म्हणाले, "हातमोजे बदलले होते म्हणत असाल तर मी पाय त्याच्याकडेच राहू देतो. तुमच्या शब्दावर."
संध्याकाळी अण्णाकडे. रुपयाच्या नाण्याने मी नळी वाजवून बघितली, वरपासून खालपर्यंत. टण् टण्. कुठेच आवाज बद्द नाही. पण नाण्याला सुटलेला थर कळतो, सुटणारा नाही.
सगळं सांगितलं. आधी हसला मेला. "आईचा आशीर्वाद माझ्याच पायावर आला की ग!" मग हळूच, "हातमोजे बदलले होतेस?"
"आठवत नाही रे अण्णा."
मग त्याने पट्टे सोडले आणि पाय माझ्या मांडीवर ठेवला.
"घेऊन जा. आठवलं तर सोळाला सकाळी आणून दे."

१५ फेब्रु.
पाय माझ्या कपाटात आहे. उद्यासाठी कुबडी घासूनपुसून ठेवली म्हणे त्याने.