नायलॉनला कसर लागत नाही

बाबा, तुमच्या सत्काराच्या शाली अजून जशाच्या तशा आहेत. नव्वदच्या आसपास आपल्या सिल्व्हर पार्क वसाहतीत जिकडेतिकडे नव्या इमारती उभ्या राहत होत्या, प्रत्येकीचं मंडळ निघायचं आणि प्रत्येक मंडळाला भाषण ठोकणारा एक फुकटचा अध्यक्ष लागायचा. तो तुम्ही. नारळाची आई चटणी करायची. शाल लोखंडी कपाटात जायची आणि किल्ली तुमच्या खिशात. त्या ढिगात खऱ्या लोकरीची एकच होती, आणि ती तुमची नव्हतीच. मामाने काश्मीरहून आईसाठी आणलेली. पाहुणे आले की तुम्ही नेमकी तीच काढायचात. "ही एका मोठ्या संस्थेनं दिली, बरं का." आई चहाचा ट्रे धरून ऐकत उभी. लाज कशाशी खातात हे तुम्हाला कधी कळलंच नाही.

एका पावसाळ्यात तिला मलेरिया झाला. हुडहुडी भरलेली, दात वाजतायत, आणि ती म्हणतेय, "अहो, माझी शाल द्या ना." तुम्ही म्हणालात, "सत्काराची शाल अंथरुणात घेतं का कोणी?" थाप इतक्यांदा मारली होती की तुम्हालाच ती खरी वाटायला लागली होती. मी खिडक्यांचे पडदे काढून तिच्यावर घातले.

कसर घरात होतीच. ओल आलेल्या भिंतीवर भोपळ्याच्या बीसारख्या चपट्या, करड्या पिशव्या चिकटलेल्या असायच्या. आई दाखवायची, "अहो, हे चालतंय." तुम्ही पेपरातून मान वर न करता, "प्लास्टर सुटतंय. बिल्डर चोर आहे." त्या पिशवीत अळी असते, बाबा. दोन्हीकडून डोकं काढते, पिशवी ओढत फिरते आणि केस, पिसं, लोकर खाते. पुढे तिचा तांदळाएवढा, राखी, ठिपक्यांचा पतंग होतो. तो काहीच खात नाही. जगात कुठेही, दमट घर मिळालं की तिचं भागतं. हे मी नंतर वाचलं. तुम्ही भाषणांपलीकडे काही वाचत नव्हतात.

दिवाळीत कपाट उघडलं तर लोकरीच्या शालीची चाळण झालेली. तुमच्या शालींना एक भोक नाही. नायलॉन होतं सगळं, अळीनेसुद्धा तोंड लावलं नाही. आई एवढंच म्हणाली, "तुमच्या शाबूत आहेत ना? झालं तर मग." आणि तुम्ही भोकं आत जातील अशी घडी घातलीत आणि पाडव्याला आलेल्यांना पुन्हा तीच दाखवलीत.

हे पत्र कुठेही जाणार नाही. तुमच्या शेवटच्या आजारपणात मी रोज हॉस्पिटलात येऊन बसायचे, तेव्हा लोक म्हणायचे, पोरीची किती माया. माया कसली! "ती शाल हिची होती" एवढं तुमच्या तोंडून ऐकायला बसत होते. खरं सांगू? अजून ऐकायचंय.