भुऱ्या अन् बुजवलेलं दार

१२ जाने., सोम.
आज पुन्हा. भुऱ्यानं मागच्या खोलीत मुतून ठेवलं. चौदा वर्षांचं कुत्रं, घरात कधी केलं नव्हतं. कुत्रे मुतू नाई म्हणून गल्लीत सगळ्यांनी ठेवली तशी सौ.नं निळीच्या पाण्याची बाटली तिथं ठेवली. त्यानं हुंगली अन् तिलेच टेकून झोपला.

१५ जाने.
ढोरायच्या डॉक्टरकडे नेलं. रक्त, लघवी ठीक. म्हणे, "म्हातारपणाचा विसर आहे काका. रागावू नका, त्याले समजत नाई." परवा मी चप्पल उगारली होती. लाज वाटली.
अकोल्याहून पोराचा फोन. "बाबा, रविवारी येतो. नांदगावच्या वावरात नेऊन ठेवतो त्याले." सौ. हो म्हणली. वावरात किती दिवस टिकंल हा?

१६ जाने.
सारा जन्म जमीन मोजणी खात्यात गेला, सवय जात नाई. खोलीचा नकाशा काढून ओल्या जागा खुणावल्या. पाच. पाचही एकाच भिंतीपाशी, दोन फुटांच्या आत. हे काय गौडबंगाल?

१७ जाने.
स्टूल टाकून पाहत बसलो. चहाच्या टायमाले उठला, भिंतीले नाक लावून उभा. शेपूट हलवून राहिला. लय वेळ थांबला, मंग तिथंच मुतला.
तेव्हा माही ट्यूब पेटली. इथं तं मागचं दार होतं. दक्षिणेचं बरं नाई म्हणून सौ.च्या वास्तुवाल्यानं सहा वर्षांआधी विटा लावून बुजवलं. तेव्हापासून पुढून जायची सवय लागली होती, ते विसरला. जुनं दार तेवढं आठवते. बिचारा उघडायची वाट पाहते.
सौ.ले सांगितलं. "म्हंजे चूक माही का?"

१८ जाने., रवि.
पोरगा गाडी घेऊन आला. त्याच्यासमोर भुऱ्याले पुढून फिरवून मागच्या अंगणात नेलं. लिंबाखाली लगेच केलं. पोरगा म्हणे, "दिवसातून कितीदा फिरवान बाबा? गुडघे पाहा तुमचे." खोटं नाई त्याचं.
तेवढ्यात भुऱ्या बाहेरून त्याच भिंतीले नाक लावून उभा. आता आत यायचं होतं त्याले.
सौ. भांडे घासता घासता पाहून राहिली होती. हात पुसले. "गवंड्याले इचारा, विटा काढून दार मोकळं कराले किती दिवस लागते. तोवर राहू द्या त्याले."
पोरगा रिकामाच गेला. गवंडी म्हणते, पंधरा दिवसांनी येतो. तवरोक याले हे दार आठवंल का, कोणाले माहीत.