दोन डब्यांतला चुना

कोची,
१० ऑक्टोबर १९६६

चि. शिगेनो हिस,

अ. उ. आ. बोटीवरच्या ओळखीच्या माणसाबरोबर कळीच्या चुन्याचे दोन डबे पाठवले आहेत. झाकणं मेणाने बंद केली आहेत. मोजेपर्यंत उघडू नकोस, दमट हवा लागेल.

साके दारूच्या कोठाराच्या भिंतीसाठी दिलेला आपला चुना गोदो गवंड्याने अर्धी भिंत लिंपल्यावर परत आणला. पाण्यात टाकला तर धड तापतही नाही म्हणाला. शेवटच्या दोन भट्ट्यांतली एक मी लावली होती, एक तुझ्या भावाने, आणि पोती एकत्रच रचली होती. मी सगळ्या गड्यांसमोर मासुओला झाडलं, की आगीकडे लक्ष नसेल तर भट्टीवर बसू नकोस.  दुसऱ्या दिवशी तो बायकोच्या माहेरी संत्री तोडायला निघून गेला.

प्रत्येक भट्टीचा थोडा चुना मी नेहमी बाजूला ठेवतो, त्यातलाच हा आहे. तू शाळेत मुलींना उष्णता मोजायला शिकवतेस ना, मग हीही मोज. डब्यांवर एक आणि दोन एवढेच आकडे घातले आहेत, कोणता कोणाचा ते लिहीत नाही. भावाकडे तुझा ओढा आहे, हात हलायचा.

तुझ्या पत्राच्या वाटेकडे डोळे लावून असलेला,
तुझा बाबा


ओसाका,
२३ ऑक्टोबर १९६६

ती. बाबांना,

सा. न. वि. वि. डबे सुखरूप पोचले. उत्तराला उशीर झाला, कारण आधी मीच चुकले.

चहाच्या थर्मासमध्ये दोनशे ग्रॅम पाणी घेतलं, त्यात शाळेतल्या शुद्ध चुन्याची दहा ग्रॅम पूड टाकली आणि पारा किती चढतो ते पाहिलं. साडेबारा अंश चढला. हिशेब केला तर ग्रॅममागे अडीचशे कॅलरी, आणि पुस्तकात पावणेतीनशे. दोन दिवस डोकं धरून बसले. मग लक्षात आलं, थर्मासही थोडी उष्णता पितो. थंड पाण्यात मोजून गरम पाणी ओतलं आणि तो किती पितो ते काढलं. वीस ग्रॅम पाण्याइतकी. ती धरल्यावर पुस्तकाशी जमलं. मुलींना हे दर वर्षी बजावते, आणि स्वतःच विसरले. हसून घ्या.

मग तुमचे डबे घेतले. खडे कुटून प्रत्येकाचं तीनदा मोजलं. पहिला जवळजवळ शुद्ध चुन्याइतकाच तापला. दुसरा तिन्ही वेळा साडेनऊ अंशांच्या आतच थांबला. म्हणजे त्यात चौथा हिस्सा दगड कच्चाच आहे, भट्टी पुरती तापलीच नव्हती. माझा हात हललेला नाही. दुसरा डबा मासुओचा असेल, तर त्याला एकट्याला बाजूला घेऊन सांगा.

प्रकृतीला जपावं, इतकंच मागणारी,
शिगेनो


कोची,
१ नोव्हेंबर १९६६

चि. शिगेनो हिस,

अ. उ. आ. दुसरा डबा माझा आहे.

उन्हाळ्यापासून माझा डावा डोळा धुरकटला आहे. उजवाही तसाच होत चालला आहे. चाळीस वर्षं मी आगीचा रंग बघून लाकूड घालत आलो. आता नारिंगी, म्हणजे अजून लाकूड मागणारी आगही मला पुरत्या तापलेल्या आगीसारखी पिवळी दिसते की काय, अशी शंका होती. विचारणार कोणाला? म्हणून डबे तुझ्याकडे पाठवले. मासुओची चूक निघाली असती तर मला बरं वाटलं असतं, हेही लिहून टाकतो.

उद्या गोदोकडे जाणार आहे. तिथून संत्र्यांच्या बागेत.

तुझा बाबा


कोची,
२० नोव्हेंबर १९६६

ती. शिगेनोताईस,

सा. न. वि. वि. मी घरी आलो आहे. बाबा बागेत आले तेव्हा मी शिडीवर होतो. खाली उतर असंही म्हणाले नाहीत. सगळ्या तोडणीवाल्यांसमोर मोठ्याने म्हणाले, "मासुओ, कच्चा चुना माझा होता. तुझा चांगला होता." सासरेबुवांनी चहा पुढे केला, तो त्यांनी उभ्यानेच घेतला.

ताई, त्यांना नीट दिसत नाही हे मला ऑगस्टपासून माहीत होतं. माणसं सोडून ते खांबाला नमस्कार करायचे. मी बोललो नाही, त्यांचा अपमान होईल म्हणून. तेव्हाच बोललो असतो तर गोदोला अर्धी भिंत खरवडावी लागली नसती. हे त्यांनाही सांगितलं. तर म्हणाले की तू सांगितलं असतंस तरी मी तुलाच हाकललं असतं.

डोळ्याचं ऑपरेशन जानेवारीत ठरलं आहे. काल गोदोसाठी नवी भट्टी लावली. मी आगीचा रंग सांगत होतो, ते लाकूड किती घालायचं ते सांगत होते. एकदा मी पिवळा म्हणालो, तर त्यांनी विचारलं, कसला पिवळा, मुळ्याच्या पिवळ्याजर्द लोणच्याचा की पिकल्या संत्र्याचा? मी पुन्हा वाकून पाहिलं. संत्र्याचा होता. आणखी चार मोळ्या घातल्या.

नव्या वर्षाला येशील तेव्हा भिंत बघायला जाऊ.

लोभ आहेच, तो असाच असू दे.
मासुओ