सील न फोडलेल्या बाटल्या

प्रिय वृषभ,

फोनवर तू बोलतोस आणि मी हं हं करतो. तीस वर्षं असंच चाललंय. परवा तू मला सोडून रोहिणीला फोन केलास, 'वहिनी, पोरीला जरा समजवा की' म्हणालास. तेव्हाच ठरवलं, या वेळी मी बोलायचं आणि तू मध्ये बोलायचं नाहीस. म्हणून कागद घेतला. वर प्रिय लिहिलंय ते पत्राला लागतं म्हणून.

अनुजा सोमवारपासून घरी आहे. तुझ्या लॅबमध्ये ती परत येणार नाही. दहा महिन्यांपूर्वी मीच तिला तुझ्याकडे घेऊन आलो होतो. बारावीनंतर ती केमिस्ट्री घेऊन बीएस्सी करते म्हणाली तेव्हा आमच्या भावकीनं टिंगल केली होती. थोरले काका म्हणाले, 'बीएस्सी करून काय करणार? बापासारखी कारखान्यात मळीचा वास घेत बसणार व्हय?' मी जन्मात पहिल्यांदा त्यांना उलटून बोललो. म्हटलं, साखर कारखाना, दूध संघ, शिरोलीच्या फाउंड्र्या, औषधाच्या कंपन्या, पाण्याच्या लॅब, वस्तू चांगली की वाईट हे जिथं ठरतं तिथं शेवटी एक केमिस्ट उभा असतो आणि त्याच्या शब्दावर बाकीचे पुढं जातात. हे बोलताना माझ्या डोळ्यांपुढं मी नव्हतो. तू होतास. कसबा बावड्यात स्वतःची लॅब, दारावर पितळी पाटी, हाताखाली आठ माणसं. मी हंगामात तासातासाला उसाचा रस तपासणारा नोकर. मला तुझा अभिमान होता, वृषभ. हे आता लिहितानाही मला राग येतोय, तुझा आणि माझाही.

कॉलेजात तू ब्युरेटला कधी धीरानं हात लावला नाहीस. थेंब थेंब सोडायचा, रंग पालटला की थांबायचं, आकडा लिहायचा, हेच तीन वेळा. तुला तेवढा वेळ नसायचा. तू पहिलाच आकडा तीनदा लिहायचास आणि पहिलाही बहुतेक माझ्या वहीतला असायचा. एकदा सर म्हणाले, 'तिन्ही वेळा नऊ पॉइंट आठ? हे टायट्रेशन हाय का पंचांग?' सगळा वर्ग हसला. मीही हसलो. त्यांनी तुला विचारलं, मला विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी सांगितलं नसतं. त्या वेळी मला ती मैत्री वाटायची.

आता तुझ्या लॅबचं सांगतो. तुला ठाऊक आहे, तरी एकदा माझ्या शब्दांत ऐक. पूर ओसरल्यावर आमच्या शिरोळ तालुक्यातल्या मुलींच्या एका वसतिगृहानं विहिरीच्या पाण्याचे सहा नमुने तुझ्याकडे पाठवले. पाचव्या दिवशी 'पिण्यास योग्य' असा दाखला आला आणि मुली ते पाणी प्यायला लागल्या. गेल्या शुक्रवारी त्यातल्या तिघी जुलाब-उलट्यांनी दवाखान्यात गेल्या. तिथल्या रेक्टर बाईंचा लॅबमध्ये फोन आला तो नेमका अनुजानं घेतला. तिनं दाखल्याची प्रत काढली तर खाली तिचीच सही. तिनं ती केली नव्हती. कामावर घेताना तू नमुन्याची सही घेतली होतीस, ती उचलून लावलेली. मग तिनं बाटल्या शोधल्या. सहाच्या सहा बेसिनखाली होत्या, झाकणावरची सीलं जशीच्या तशी.

ती तुझ्याकडे आली तेव्हा तू काय म्हणालास ते तिनं मला शब्दाशब्दानं सांगितलंय. 'आगं, दरवर्षी त्याच विहिरीचं पाणी येतंय, दरवर्षी तेच आकडे येत्यात. तू पुस्तकातनं बाहेर ये की आता.' तिनं दोन बाटल्या पिशवीत घातल्या आणि घरी आली. त्या मी फोडल्या नाहीत. जुना नमुना, त्यावरून काही म्हणणं बरोबर नाही. मंगळवारी स्वतः जाऊन विहिरीचं ताजं पाणी काढलं. ग्रामपंचायतीकडं जी तपासणीची छोटी बाटली असते ना, पाण्यात मैल्याचे जंतू असले की एक-दोन दिवसांत काळी पडणारी, तिच्यात भरून ठेवलं. बुधवारी सकाळी मंदिरातून आलो तर बाटली काजळासारखी काळी. तसाच गाडी काढून गेलो आणि रेक्टर बाईंना विहीर बंद करायला लावली. त्यांनी विचारलं, 'दाखल्यावर तुमच्याच लेकीची सही हाय न्हवं?' मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

आपण दोघं एकाच गावचे, एकाच मंदिरात वाढलो. आई पाणी गाळून झाल्यावर फडकं त्याच विहिरीत अलगद खळबळायची, कापडात अडकलेला जीव माघारी आपल्या घरी जावा म्हणून. कॉलेजच्या बोर्डिंगात तू तांब्यावर दुपदरी फडकं धरायचास. तुझ्या बंगल्यातल्या नळाला आजही पांढरं फडकं बांधलेलं आहे, दिवाळीत मी पाहिलंय. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाला जपायचं तू अजून विसरला नाहीस. मग त्या मुली तुला दिसल्या नाहीत, असं मी कसं मानू? सील फोडायला किती वेळ लागतो रे?

तुझा ड्रायव्हर आकाराम ओसरीवर चहा पीत थांबलाय. तू त्याच्याबरोबर पाठवलेला कागद मी वाचला. 'मी नवीन असल्याने माझ्याकडून बाटल्यांची अदलाबदल झाली.' खाली अनुजाच्या सहीसाठी जागा. तिचं वय लहान, लोक विसरतील, एमएस्सीचं तू बघशील, असं रोहिणीला म्हणालास म्हणे. तो कागद सहीशिवाय याच पाकिटात परत पाठवतोय. अनुजानं तो वाचून मला एवढंच विचारलं, 'अप्पा, तुमच्यापुढं ठेवला असता तर तुम्ही केली असती सही?' तशी सही मी आधीच करून बसलोय. सहा वर्षांपूर्वी लॅबला मान्यता मिळवताना 'तुझं नुसतं नाव लागतंय, बाकी काय न्हाय' म्हणून तू माझ्यापुढं एक कागद ठेवला होतास आणि मी न वाचता सही केली होती. त्या दिवसापासून मी तुझ्या लॅबचा तांत्रिक सल्लागार आहे. या सहा वर्षांत तिथलं एक रजिस्टरही मी उघडलेलं नाही. हे काल रात्री मी अनुजाला सांगितलं. ती उठून आत गेली. उद्या अकरा वाजता आम्ही दोघं त्या बाटल्या घेऊन जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागात जातोय. माझी नोकरी राहील की जाईल, माहीत नाही. तुला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळू नये म्हणून हे पत्र. माझा जबाब मी लिहून ठेवलाय. त्यात पहिलं नाव माझं आहे, दुसरं तुझं. अनुजाचं नाव फक्त सील पाहणारी म्हणून आहे.

उद्या अकरापर्यंत तुझाच,
वर्धमान