खुर्चीवरून चोवीस वेळा

दहिसर, बुधवार

चिरंजीव नंदू यास दादाचे पोटभर आशीर्वाद.

तुझी आणि रुक्मिणीची तब्येत ठणठणीत असो, असं लिहायला पेन उचललं होतं. पण या खेपेला तुझी तब्येत जराशी ढिली असेल तरच माझी सोय आहे. का, ते सांगतो. आम्ही दोघं मजेत. माझी चहातली साखर बंद केल्यापासून सुहासिनी तर जास्तच मजेत आहे.

आमच्या सोसायटीमागे शारीरिक शिक्षणाचं कॉलेज आहे ना (ज्याच्या शिट्ट्यांविरुद्ध मी दोन वर्षं तक्रारअर्ज लिहिले, तेच), त्यांनी यंदा नवीन टूम काढली. बी.पी.एड.च्या प्रत्येक विद्यार्थ्याने आजूबाजूचा साठीपुढचा एक माणूस घ्यायचा, दोन महिने त्याच्याकडून व्यायाम करून घ्यायचा, आणि पहिल्या नि शेवटच्या चाचणीत जेवढी सुधारणा दिसेल तेवढे प्रात्यक्षिकाचे गुण. मी श्रुतिकाच्या वाट्याला आलो. गोराईची मुलगी, सकाळी पहिली होडी पकडून येते. शिकून शिक्षिका होणारी त्यांच्या घरातली ती पहिलीच, आणि तिचं सगळं या गुणांवर अडलेलं.

आता माझा गाढवपणा ऐक. चाचणी साधी. हात छातीशी बांधून अर्ध्या मिनिटात खुर्चीवरून किती वेळा उठता-बसता ते मोजायचं. तारीख आठवडाभर आधी कळली. साकीनाक्याच्या कारखान्यात तीस वर्षं सुपरवायझर होतो मी. तपासणी म्हटली की आदल्या दिवशी मशीन पुसून, तेल घालून तयार! तसंच दार लावून सकाळ-संध्याकाळ जेवणाच्या खुर्चीवर सराव केला. (खुर्चीचा एक पाय गेला. सुहासिनीला वाटतं, पाहुण्यांनी मोडली. पाहुणे म्हणजे तू.) पहिल्याच चाचणीत चोवीस! अख्ख्या मैदानाने टाळ्या वाजवल्या, मी हात जोडून चारी दिशांना नमस्कार केला. तिसऱ्या मजल्यावरच्या मालनकाकू मात्र "आई गं, मेले" करत सहावर थांबल्या. मला त्यांची कीव आली.

मग दोन महिने श्रुतिकाने मला मनापासून राबवलं. रोज चेकनाक्यापर्यंत चालवलं, तोल सांभाळायला शिकवलं. आता मी मोजे उभ्याने घालतो. गेल्या शनिवारी शेवटची चाचणी झाली. मालनकाकू सतरा. मी तेवीस. तिच्या कॉलेजच्या चंद्रप्रकाश सरांनी नोंदवहीत लाल शाईने लिहिलं, 'क्षमतेत घट'. श्रुतिकाचा चेहरा खर्रकन उतरला. म्हणाली, "काका, तुम्ही आधीच एवढे फिट होता, मग मी काय शिकवलं तुम्हाला?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, नंदू. तिथल्या तिथे सरांना सरावाची कबुली दिली. सर आधी पोट धरून हसले, मग म्हणाले, "पण काका, गुण द्यायला मला आकडे लागतात ना! तिला अजून दोन महिने देतो. नवीन माणूस आणा. आणि घरून तयारी करून येणारा नको."

असो. पोरीने काल मलाच धीर दिला. मला फार लाज वाटली.

तुझा,
जयवंतदादा

ता.क. साठी उलटलेला, रक्तदाब ठीक असलेला आणि शाळा सुटल्यापासून एकही उडी न मारलेला माणूस आपल्या नात्यात एकच आहे. रविवारी सकाळी सातला मैदानावर ये. रिक्षा थेट फाटकापर्यंत आण, उगाच चालू नकोस.

आणखी एक. तुझा फॉर्म भरला आहे. वजन अंदाजाने ब्याण्णव लिहिलं. 'खेळाची आवड' या रकान्यात 'टीव्हीवर' असं लिहिलंय.

शेवटचं. सुहासिनीने पत्र वाचलं. म्हणते, "भावोजी हे वाचून आजपासूनच खुर्ची धरतील. तुमचेच भाऊ ना ते!" खरं आहे. म्हणून हे पत्र पोस्टात टाकत नाही. फोनवर तुला नुसतं घावण्यांचं आमंत्रण देतो, आणि मैदानावर तुझी उठबस मोजून झाली की पत्र हातात ठेवतो. म्हणजे तू आत्ता हे वाचतोयस तो धापा टाकत. पाणी पी, मला काय शिव्या द्यायच्या त्या दे, आणि समोर श्रुतिका उभी आहे, तिच्या वहीत सही कर. आकडा सहाच्या खाली असेल तर तुला दोन घावणे जास्त.