कादंबरीला निरुपयोगी मजकूर

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (आठांपैकी दोन अंगं, म्हणजे गुडघे, सध्या संपावर आहेत. उरलेल्या सहांवर गोड मानून घे.) इकडे सर्व ठीक. तुझी तब्येत, दवाखान्याचं छप्पर आणि ती लंगडी मांजर, तिघंही बरी असावीत. तुझं पोस्टकार्ड पोचलं. मी चार पानं भरून लिहिलं होतं की या महिनाअखेर तू नर्सच्या नोकरीतून निवृत्त होतेस, तर त्या आडरानात एकटी न राहता सरळ माझ्याकडे राहायला ये, मागची खोली रिकामी केली आहे, चष्म्याच्या दुकानाच्या वर असली तरी हवेशीर आहे. त्यावर तू अख्खं कार्ड कोरं सोडून मधोमध 'बरं' एवढंच लिहिलंस. एकतीस वर्षं लोकांना औषध मोजून देणारी बाई शब्दही मोजूनच देणार, असं म्हणून मी ते कार्ड आरशाला खोचलं आणि निर्धास्त झालो. आता निर्धास्त नाही. का नाही, ते सांगायला जरा लांबून यावं लागेल.

मी एका बाईचं टोपणनाव घेऊन प्रेमकथा लिहितो हे तुला ठाऊकच आहे. (घरात एकालाच ठाऊक असावं म्हणून तुला सांगितलं होतं.) शहरातल्या प्रेमाला गिऱ्हाईक नाही असं प्रकाशकांचं मत, त्यामुळे माझं सगळं प्रेम दूरच्या गावात, डोंगराच्या पायथ्याशी घडतं. मन मोडलेली एक शिकलेली मुलगी तिथे नोकरीला येते, एक अबोल तरुण असतो, नवव्या प्रकरणात गैरसमज होतो आणि अकराव्यात पूल कोसळतो, म्हणजे दोघांना एकाच काठावर राहावं लागतं. आजवर असे अकरा पूल पाडले. कोणी तक्रार केली नाही. पण गेल्या पुस्तकात मी त्या दोघांना गवताच्या गंजीला टेकवून एक अख्खी दुपार बसवलं, आणि एका शेतकऱ्याचं प्रकाशकांना पत्र आलं की पुस्तक वाचून आम्हीही उभयता तसेच बसलो, आज तिसरा दिवस, अजून खाजवतो आहोत, लेखिकाबाईंनी गवत पाहिलं आहे का? प्रकाशकांनी तेच मला विचारलं. मी खरं सांगितलं. तेव्हा त्यांनी बारावी कादंबरी लिहिण्याआधी मला आठ दिवस खेड्यात धाडायचं ठरवलं. त्यांच्या मावसभावाचा तिकडे कुक्कुटपालनाचा धंदा आहे. म्हणजे मी आणि चार हजार कोंबड्या.

माझे नायक संध्याकाळी एका मोठ्या खडकावर उभे राहून क्षितिजाकडे पाहतात. (अकरापैकी नऊ. उरलेले दोघे पायाने अधू आहेत.) मीही पहिल्या संध्याकाळी एक खडक गाठून उभा राहिलो. पाचव्या मिनिटाला एकाने काय हरवलं म्हणून विचारलं. दहाव्या मिनिटाला दुसऱ्याने लांबूनच ओरडून सांगितलं की रेंज या खडकावर नाही, पलीकडच्यावर येते. तिसरा नुसता माझ्या हातातल्या वहीकडे बघून निघून गेला. मी घरी पोचेपर्यंत रस्ता रुंद करायला मोजणीवाला आल्याची बातमी माझ्या आधी पोचली होती आणि ओट्यावर चौघं जण जमिनीची कागदपत्रं घेऊन बसले होते. मी मोजणीवाला नाही, नुसता उभा होतो, असं शपथेवर सांगितलं. नुसतं उभं राहायला कोणी इतक्या लांब येत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं, आणि मला ते पटलं. दुसऱ्या दिवशी मुलाहिजा म्हणून त्यांनी मला दोन ठिकाणी जेवायला बोलावलं. अकरा कादंबऱ्यांनी जो मान मिळवून दिला नाही, तो एका खडकाने दिला.

गावात कुठे प्रेम दिसतंय का हे पाहत मी तीन दिवस पिठाच्या गिरणीपाशी बसलो. दिसलं ते पीठ. शेवटी मावसभावाच्या बायकोला, म्हणजे तिथल्या वहिनींना, माझीच एक कादंबरी दूरच्या नातेवाईक बाईंची म्हणून वाचायला दिली. त्या बल्बसमोर एकेक अंडं धरून आत डाग आहे का पाहत होत्या. पुस्तकही त्यांनी तसंच, जरा लांब धरून वाचलं. मग म्हणाल्या, "भावजी, या बाईंचं लग्न झालेलं नसणार." मी ते कबूल केलं. तर म्हणाल्या, "हा माणूस किती बोलतो हो! आमच्याकडे कोणी इतकं गोड बोलायला लागला, तर हा काहीतरी विकायला आलाय असं समजून आम्ही दार लावून घेऊ." आणि मग अंडी पाहता पाहता त्यांनी आपली हकिगत सांगितली. लग्नाआधी हे गृहस्थ दर आठवड्याला त्यांच्या वडिलांकडे शिडी मागायला यायचे आणि दोन दिवसांनी परत आणून द्यायचे. दोन वर्षं हे चाललं. यांच्या घराचं छप्पर हात वर केला की लागतं. मी विचारलं, मग तुम्ही कधी विचारलं नाहीत, शिडी कशाला लागते म्हणून? त्यांनी माझ्याकडे जसं पाहिलं, तसं त्या डाग असलेल्या अंड्याकडे पाहतात. म्हणाल्या, "विचारलं असतं, तर शिडी न्यायला आले नसते."

आता कबुलीजबाब. ताई, मी उभ्या जन्मात डोंगर धड पाहिलेला नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? माझ्या अकरा कादंबऱ्यांतलं धुकं, ओढे, पायवाटा आणि झाडं ही सगळी तुझ्या पत्रांतून उचललेली आहेत. दर पत्र आलं की मी लाल पेन्सिल घेऊन बसायचो. निसर्ग ठेवायचा, माणसं खोडायची. परवा परत आल्यावर बाराव्या कादंबरीसाठी थोडं धुकं मिळतंय का पाहावं म्हणून सगळा गठ्ठा काढला, आणि वहिनींची शिडी डोक्यात असल्यामुळे म्हण किंवा काही, पहिल्यांदाच खोडलेला मजकूर सलग, नीट वाचला.

अकरा वर्षांपूर्वीचं पत्र आहे. 'गुरांचे डॉक्टर आले होते. त्यांच्या दवाखान्यातला फ्रीज बिघडला आहे, जनावरांच्या लसी आपल्या फ्रीजमध्ये ठेवू का म्हणाले. नियमात बसत नाही. खालचा कप्पा दिला.' यावर लाल रेघ. पुढच्या पत्रात ते चार वाजता लस न्यायला आले आणि चहा घेऊन गेले. लाल रेघ. मग ते रोज चार वाजता आले, छपराची गळती काढून गेले, मांजराच्या पायाला पट्टी बांधून गेले, त्यांची बायको जाऊन किती वर्षं झाली ते एकदा बोलले, आणि फ्रीज काही दुरुस्त झाला नाही. मी, प्रेमकथांचा कारखानदार, या सगळ्यातून एकच निष्कर्ष काढला होता की सरकारी खातं फार ढिसाळ आहे. पाचव्या कादंबरीत त्या फ्रीजवरून खात्याची टिंगलही केली आहे. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हा. आणि मग सात वर्षांपूर्वीचं ते पत्र. 'वायरमन सांगत होता, गुरांच्या दवाखान्यातला फ्रीज उत्तम चालू आहे, डॉक्टर त्यात स्वतःचं दूध ठेवतात. मी काही बोलले नाही. खालचा कप्पा पुसून ठेवला.' हे मी दोनदा खोडलं आहे, आणि समासात माझ्या हस्ताक्षरात शेरा आहे: निरुपयोगी.

मला स्वतःची लाज वाटली. तुझ्या त्या एका 'बरं'चा अर्थ मी माझ्या सोयीने लावला. खरं सांगायचं तर मागची खोली मी तुझ्यासाठी रिकामी केलेली नाही, माझ्यासाठी केली आहे. म्हातारपणी एकट्याने राहायची मला भीती वाटते, आणि तुझी पत्रं बंद झाली तर मी लिहिणार काय, हीही भीती आहे. माझ्या शाळेपायी तू एकदा आयुष्य बाजूला ठेवलंस. तेव्हा मी लहान होतो, मला कळत नव्हतं. आता पन्नाशीत तेच परत मागताना ही सबब चालणार नाही.

असो. मी यात काडीचीही ढवळाढवळ करणार नाही. तू माझ्यापेक्षा मोठी आहेस, शहाणी आहेस, तुझं तू ठरव. मी आपलं वाचलं ते कळवलं. मांजराला सांभाळ.

तुझा,
धाकटा

ता. क. मागची खोली हवेशीर आहे असं लिहिलं होतं, ते खोटं आहे. तिची खिडकी भिंतीकडे उघडते आणि खाली दिवसभर काचा घासायचं यंत्र चालतं, त्याने दात हलतात. शिवाय न खपलेल्या कादंबऱ्यांचे गठ्ठे मी कालच त्यात परत रचले. आता तिथे खाट मावत नाही. माझी काळजी म्हणून येणार असशील, तर मुळीच येऊ नकोस. दोघं मिळून आठ दिवस पाहुणे म्हणून आलात, तर गठ्ठे हलवीन.

ता. क. दुसरा. ढवळाढवळ करणार नाही असं वर लिहिलं आहे, ते लिहिताना खरं होतं. त्यानंतर चहा प्यायलो आणि गुरांच्या डॉक्टरांना एक पोस्टकार्ड टाकलं. त्यावर एवढंच आहे: 'तुमचा फ्रीज चालू आहे, हे ताईला सात वर्षांपासून माहीत आहे.' तुमच्याकडे टपाल फक्त गुरुवारी येतं, एकाच थैलीतून, आणि पोस्टमन आधी गुरांच्या दवाखान्यात जातो, हे मला तुझ्याच पत्रांवरून ठाऊक आहे. म्हणजे तू ही ओळ वाचेपर्यंत ते तिथून निघालेले असतील. चष्मा ठेव खाली आणि दार उघड.