आत माणूस आहे

४ मार्च
रुजू झालो. क्वार्टर झकास आहे, वरच्या मजल्यावर, स्वयंपाकघरात पाइपाने गॅस येतो. बायको महिनाअखेर येईल. तोवर घर माझं आणि पसाराही माझा. रिफायनरीत माझ्याकडे कुलपांचं काम आहे. जो टाकीत उतरतो तो बाहेरच्या बंद व्हॉल्व्हला आपलं लाल कुलूप लावतो; त्यावर त्याचा फोटो, किल्ली त्याच्याच खिशात. तो बाहेर येईपर्यंत व्हॉल्व्हला कोणी हात लावायचा नाही. फोरमनला सगळे मामा म्हणतात. त्यांनी बजावलं की बायकोचं एकवेळ ऐकलं नाहीस तरी चालेल, कुलपाचं ऐक.

११ मार्च
वेल्डरशी गट्टी जमली. टाकीत गुणगुणत काम करतो म्हणून त्याला गवई म्हणतात. सूर बेताचाच, पण पाइपातून ऐकायला बरा वाटतो. त्याच्या बायकोने, वहिनींनी, आज माझाही डबा धाडला.

१९ मार्च
प्लांट सुरू करायची घाई, साहेबांचे फोनवर फोन, मामा जेवायला गेलेले, आणि गवयाचं कुलूप तसंच लटकलेलं. स्टँडवर त्याची सायकल नव्हती. फोनवर सांगून टाकलं की तो केव्हाच घरी गेला. टाकीत डोकावलोसुद्धा नाही. कटरने कुलूप कापलं, व्हॉल्व्ह उघडला. मग आग.
सायकल त्याच्या भावाने नेली होती. गवई आतच होता.

२० मार्च
चौकशीत म्हणालो, कुलूप नव्हतंच. म्हणजे चूक मेलेल्याची. वहिनी एवढंच म्हणाल्या की हे विसरणाऱ्यांतले नव्हते भावजी, तुम्हाला तर ठाऊक आहे. मी मान खाली घातली. माझी मलाच शिसारी येते.

२३ मार्च
शेगडीच्या गॅसच्या नळाला लाल कुलूप. फोटो गवयाचा. कापून कचऱ्यात टाकलं. तोंड धुऊन आलो, तर पुन्हा तिथेच. पाइपातून गुणगुण ऐकू येते —

२४ मार्च
झोप नाही. उद्या मामांना सगळं सांगणार. वहिनींच्या पाया पडणार. आधीच सांगायला हवं होतं.

२५ मार्च
सांगायला निघालो — दार उघडत नाही. खिडकीही नाही. शेगडीवरचं कुलूप गेलं, नळ मात्र उघडा, बंदच होत नाही —
कुलूप आता खाली अंगणात, गॅसच्या मुख्य व्हॉल्व्हला. काचेतून दिसतंय. फोटो माझा. किल्ली माझ्या खिशात.
गुणगुण थांबली.
खाली कोणीतरी कटर घेऊन उभा. मी काच बडवतोय, ओरडतोय — तो वर बघतच नाही. फोनवर बोलतोय. आवाज माझाच. म्हणतोय, तो केव्हाच गेला, आत कोणी —